मालदांडीची लागर: ग्लूटेनमुक्त बिअर घरी करणाऱ्या जाणकारांची मदत हवी

माळरान

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पण बिअर होणार आहे ती इंग्लंडात, लीड्सला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वकील मंडळी लगेच अंगावर येणार नाहीत.

आमचे मेव्हणे तिकडे असतात. घरच्या घरी बिअर करायचा त्यांना जुना नाद. मध्यंतरी सीलिॲक (गव्हा-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्यांना न सोसणारा आजार) निघालं आणि गहू, जव, राय सगळं कायमचं बंद झालं. चपाती सुटल्याचं त्यांना फारसं काही नाही, सोलापूरचा माणूस भाकरीवर राहतो. बिअर सुटली हे मात्र मनाला लागलंय. दुकानातल्या ग्लूटेनमुक्त बाटल्या आणून झाल्या, पण स्वतः करण्याची मजा त्यात नाही म्हणतात.

दिवाळीला येतायत. मंगळवेढ्याकडं आमची थोडी काळी जमीन आहे, रब्बीला मालदांडी ज्वारी होते. त्यांचं म्हणणं असं की ज्वारीत ग्लूटेन नाही, आफ्रिकेत ज्वारीची बिअर सर्रास होते, मग आपल्या घरची ज्वारी काय पाप करते? आणि त्यांना लागरच हवी आहे, म्हणजे थंडीत हळूहळू आंबवलेली बिअर. सोनेरी, स्वच्छ, थंड.

तर मालदांडीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) होतं का, घरी कसं करायचं? जवाच्या माल्टला लावतात तीच कृती ज्वारीला चालते का? आणि ज्वारी म्हणजे आपोआप ग्लूटेनमुक्त असं धरायचं, की त्यातही काही गोम आहे?

कडक भाकरी

वाचतोय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते भाकरीच्या जिवावर की ओ! तुम्ही तिला कुठं नेऊन बसवताय? हुरड्यापुरती तरी शिल्लक ठेवा म्हणजे झालं.

वकिली चष्मा

अंगावर येत नाही, पण हा धागा वाचून कोणी उत्साहात पातेलं चढवू नये म्हणून लिहितो. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ‘विकत नव्हतो, घरच्यापुरतीच केली होती’ हा बचाव होत नाही. पाच लिटर केली काय आणि पन्नास लिटर केली काय, सारखंच. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ब्रुअरीला किंवा मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो, घरगुती छंदाला मिळत नाही.

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. तेव्हा मेव्हण्यांनी ज्वारी, मोड, माल्ट इथपर्यंतचं काम सोलापुरात करावं. आंबवणारं यीस्ट मात्र लीड्सलाच टाकावं.

पूर्व भाग

मग नान्नजची द्राक्षं आहेत की, वाईन करा. त्यात ग्लूटेनचा प्रश्नच नाही.

वकिली चष्मा

तोच कायदा, तेच कलम. द्राक्षं खा.

मोड आलेली मटकी

माल्टबद्दल मी सांगू शकते. घरी नाचणी आणि ज्वारीचं सत्त्व करून विकते, त्यामुळे मोड आणणं, वाळवणं, भरडणं हे रोजचंच आहे. बिअरचं मला काही कळत नाही, पण तुमचं अर्धं काम माझ्याच कामासारखं दिसतंय.

माळरानभाऊ, पहिली गोष्ट म्हणजे बियाण्याच्या पिशवीतली ज्वारी कधीही घेऊ नका. काणी रोगासाठी गंधक, खोडमाशीसाठी कीटकनाशक, असं काय काय चोळलेलं असतं. खाण्यासाठी ठेवलेली घरची ज्वारीच घ्या. पण तिची उगवण बघा. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. तीन दिवसांत नव्वदच्या वर उगवले तर ती ज्वारी माल्टच्या कामाची. खूप जुनी किंवा कडक उन्हात तापलेली असली की दाणा खायला चांगला लागतो, उगवायला नाही. न उगवलेला दाणा पाण्यात नुसता कुजतो आणि सगळ्या घाण्याला वास लावतो.

मालदांडीचा फायदा असा की दाणा पांढरा, मोत्यासारखा असतो, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य नसतं. लाल-तपकिरी ज्वारीत ते असतं, म्हणून पाखरंही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. टॅनिन मोडातल्या एन्झाइमांचं, म्हणजे स्टार्चची साखर करणाऱ्या द्रव्यांचं, कामच अडवतं.

कृती: दाणे धुऊन, निवडून साधारण दिवसभर भिजत घालायचे, पण सलग नाही. सहा-सात तासांनी पाणी ओतून तासभर उघडे ठेवायचे, मग नवं पाणी. दाण्याला श्वास लागतो. नंतर ओल्या तरटावर बोटभर जाडीचा थर द्यायचा, वरून ओलं तरट. दिवसातून दोन-तीन वेळा हलवायचं आणि पाणी शिंपडायचं. ज्वारीला पंचवीस ते तीस अंश मानवतं, जवासारखी थंड खोली लागत नाही. दिवाळीनंतरचं सोलापूर त्याला अगदी योग्य. मे महिन्यात करू नका, ऊब जास्त झाली की बुरशी येते. बुरशीचा किंवा आंबूस वास आला तर सगळं फेकून द्यायचं, धुऊन वापरायचं नाही.

चार-पाच दिवसांत मुळं-कोंब चांगले लांब होतात. मग गच्चीवर पातळ पसरून वाळवायचं. शेवटी पन्नास अंशाच्या आसपास, कोरड्या हवेत कडकडीत करायचं. सुरुवातीला ओलं असताना जास्त तापवलंत तर एन्झाइम मरतात आणि हातात नुसतं ज्वारीचं पीठ राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळल्यावर मुळं आणि कोंब चोळून, पाखडून पूर्णपणे काढायचे. हे हौसेचं काम नाही.

माळरान

ताई, किती मुद्देसूद लिहिलंत! एक विचारतो: मटकीचे मोड आपण मोडासकट खातो, मग ज्वारीचे का काढायचे?

मोड आलेली मटकी

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला ठाऊक असणार. कोवळ्या ज्वारीत गुरं शिरली तर काय होतं?

माळरान

किराळ लागतं! आमच्या वस्तीवर एक खोंड असंच गेलं होतं. तेच विष का?

मोड आलेली मटकी

तेच. धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोरड्या दाण्यात ते नगण्य असतं. दाणा उगवायला लागला की वाढतं, आणि जवळजवळ सगळं कोंबात आणि मुळांत जमा होतं. म्हणून ज्वारीचे मोड कच्चे खायचे नाहीत, कोशिंबिरीत तर मुळीच नाहीत. वाळवून, चोळून, पाखडून घेतलेलं माल्ट पुढे शिजतं किंवा उकळतं, तेव्हा उरलंसुरलं वायूच्या रूपात निघून जातं. भांडं उघडं ठेवून उकळायचं, झाकण लावायचं नाही. इंटरनेटवर ‘स्प्राउटेड ज्वार सॅलड’ बघते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

थंडगार तळघर

अखेर एक धागा माझ्यासाठी निघाला! मी मूळचा बार्शीचा, आता यॉर्कशायरमध्ये असतो, म्हणजे मेव्हण्यांचा शेजारीच म्हणा. घरात बायकोला सीलिॲक आहे, त्यामुळे जव आमच्या घरात येत नाही. ज्वारी, बाजरी, बकव्हीट (कुट्टू), तांदूळ यांवरच सगळं चालतं.

माळरानराव, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि बहुतेक लोक तिथंच आपटतात. जवाचं स्टार्च साठ-पासष्ट अंशाला फुलतं. साखर करणारी एन्झाइमंही त्याच तापमानाला जोरात असतात. म्हणून जवाचं माल्ट पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं की काम झालं. ज्वारीचं स्टार्च फुलायलाच अडुसष्ट ते अठ्ठ्याहत्तर अंश लागतात. तेवढं तापवलं की एन्झाइमं मरतात, आणि कमी तापवलं तर स्टार्च बंदच राहतं, एन्झाइमांना खायला काही मिळत नाही. त्यात ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज, हे साखर करणारं एक मुख्य एन्झाइम, मुळातच कमी. जवाची कृती ज्वारीला लावणाऱ्याला गढूळ, पिठूळ पाणी मिळतं आणि तो ज्वारीला शिव्या देतो.

यावर जुना आणि साधा उपाय आहे. माल्ट भरडून पंचेचाळीस अंशाच्या पाण्यात कालवायचं, एका किलोला चार लिटर पाणी. अर्धा तास थांबायचं. एन्झाइमं पाण्यात उतरतात, भरड खाली बसते. वरचं निवळ पाणी काढून बाजूला, थंड जागी ठेवायचं. यातच सगळा जीव आहे. खालची भरड आणखी पाणी घालून वीस मिनिटं उकळायची, अगदी आंबीलीसारखी घट्ट होईल, तळाला लागू द्यायची नाही. मग ती पासष्टवर आणायची आणि बाजूला ठेवलेलं पाणी त्यात परत ओतायचं. दहा मिनिटांत ती घट्ट पेज डोळ्यांदेखत पातळ होते. पहिल्यांदा बघताना फार गंमत वाटते! तास-दीड तास तसंच पासष्टच्या आसपास ठेवायचं. चमचाभर पाणी बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं-काळं झालं तर अजून स्टार्च शिल्लक आहे. पिवळटच राहिलं तर पुढे चला. ते चमचाभर पाणी फेकून द्यायचं.

दुकानात मिळणारी एन्झाइमं घातली तर काम सोपं होतं. उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज उकळीच्या आधी आणि ॲमायलोग्लुकोसिडेज पासष्टला. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मुरडू द्यावीत. लागर म्हणजे कोरडी, सडसडीत चव, आणि ज्वारीच्या अर्धवट तुटलेल्या स्टार्चमधून ती येत नाही.

दुसरी अडचण गाळण्याची. जवाला टरफल असतं, तेच गाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही, सगळं चिखल होऊन बसतं. भाताचं तूस उकळत्या पाण्यातून काढून मिसळायचं किंवा सरळ कापडी पिशवीत बांधून गाळायचं. मी पिशवीच वापरतो.

पूर्व भाग

तूस सोलापुरात कुठं मिळायचं, भात आहे कुठं! (अवांतर झालं, मागे घेतो. बिअर लीड्सला होणार आहे.)

कडक भाकरी

दादा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते एन्झाइमवाले जवाचंच ग्लूटेन तोडतात म्हणे, तसं का करत नाही? माझ्या भाच्यानं बंगळुरूत अशी बाटली पाहिली होती.

थंडगार तळघर

बरं झालं विचारलंत. ते एन्झाइम मुळात बिअर गढूळ होऊ नये म्हणून आलं. अस्परजिलस नायजर बुरशीपासून मिळवलेलं प्रोलिल एंडोपेप्टिडेज. ते जवातल्या हॉर्डीन प्रथिनाचे तुकडे करतं. चाचणीत ग्लूटेनचा आकडा वीस पीपीएमच्या (दहा लाख भागांत वीस भाग) खाली येतो, आणि युरोपात, ब्रिटनमध्ये तेवढ्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येतं, फक्त घटकांत जव ठळक दाखवावा लागतो. अमेरिका हे मानत नाही. तिथं २०२० च्या नियमानुसार आंबवण्याआधीच कच्चा माल ग्लूटेनमुक्त असावा लागतो. कारण तुटलेले तुकडे चाचणीत नीट सापडतातच असं नाही, आणि पोटाला ते ओळखू येतात की नाही हे माणसागणिक वेगळं.

माझं मत विचाराल तर, ज्याला नुसतं ‘गव्हानं पोट फुगतं’ त्यानं ती खुशाल प्यावी. डॉक्टरांनी बायॉप्सी करून सीलिॲक सांगितलंय त्यानं घरच्या घरी हा खेळ करू नये. घरी वीस पीपीएम मोजायचं यंत्र नसतं. ज्वारीत मोजायची वेळच येत नाही.

डाळिंबाचं शेत

येते की हो वेळ! आमच्या मुलीला सीलिॲक आहे म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत आहे. आपल्या गल्लीतल्या गिरणीत आधीच्या बाईचा गहू निघतो आणि त्याच जात्यावर आपली ज्वारी पडते. सुरुवातीचं किलो-दीड किलो पीठ गव्हात मिसळलेलंच येतं. वर्षभर भाकरीच खाऊनही मुलीचे रिपोर्ट खाली येईनात, शेवटी गिरणी सोडून घरघंटीच घेतली, तेव्हा फरक पडला.

माल्ट भरडायला कुठं नेणार आहात? शिवाय पोती: गव्हाची पोती झटकून त्यातच ज्वारी भरतात. मळणीयंत्र गावभर फिरतं, आधी कुणाचा गहू मळला असेल सांगता येत नाही. दाणे हातानं निवडून घ्या, गहू नजरेला लगेच दिसतो. आणि जाता जाता: हिंग. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. मेव्हणे आले की फोडणी सांभाळा, नाहीतर बिअर निर्मळ आणि आमटीत ग्लूटेन.

माळरान

ताई, हिंगाचं खरंच डोक्यात नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती आताच डबी उलटीपालटी करून बघतेय. भरडण्याचं घरच्या जात्यावर करतो, आजीचं जातं आहे, त्यावर फक्त डाळच निघाली आहे.

थंडगार तळघर

डाळिंबाचं शेत यांच्या प्रतिसादाला +१. हेच नियम लीड्सच्या स्वयंपाकघरालाही लागू. मेव्हण्यांची जुनी प्लास्टिकची बादली, नळ्या, पिशव्या यांतून वर्षानुवर्षं जवाची बिअर गेली आहे. प्लास्टिकला चरे पडतात, त्यात काय बसलंय कळत नाही. नवीन घ्या, फार महाग नाही. स्टीलचं भांडं घासून चालेल. जुन्या बिअरच्या तळाचं यीस्ट राखून ठेवलं असेल तर ओतून टाका. द्रवरूप यीस्ट बऱ्याचदा जवाच्या काढ्यातच वाढवतात, म्हणून ग्लूटेनमुक्त लिहिलेलं कोरडं यीस्ट घ्या.

आता लागरचा भाग, दहा लिटरचा हिशेब. तीन किलो माल्ट लागेल. गाळलेला रस उघड्या भांड्यात तासभर उकळायचा (मटकीताईंनी सांगितलेलं कारण आहेच, शिवाय शिजवलेल्या मक्यासारखा एक वास असतो तोही निघून जातो). उकळीच्या सुरुवातीला साझसारखे सौम्य जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं) तीस ग्रॅम. ज्वारीच्या रसात यीस्टला लागणारं नत्र कमी असतं, म्हणून यीस्टचं खाद्य चिमूटभर घालायचंच, नाहीतर आंबणं मध्येच अडतं.

रस दहा अंशावर आणून मग यीस्ट. लागरचं यीस्ट, सॅकरोमायसीस पास्तोरियानस, थंडीतच नीट वागतं. दहा-बारा अंशाला दोन आठवडे. संपत आलं की दोन दिवस सोळा-अठरावर न्यायचं, म्हणजे लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. मग शून्य ते दोन अंशाला महिनाभर गप्प ठेवायचं. दुसऱ्या बिअरमध्ये फळांचे, मसाल्यांचे वास असतात, बारीकसारीक दोष त्यांच्याखाली लपतात. लागरमध्ये लपायला जागा नाही. ज्वारीची एक किंचित आंबट, धान्याची चव येते, ती येणारच. फेसही जवाइतका टिकत नाही. पाचवा-सहावा भाग बकव्हीट घातलं तर बिअरचं अंग जरा भरतं.

बाटलीत भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर, त्याहून जास्त नाही. आंबणं पूर्ण थांबलंय याची खात्री हायड्रोमीटरनं (रसाची घनता मोजणाऱ्या नळीनं) करा. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर बाटली फुटते आणि काच उडते.

पूर्व भाग

म्हणजे सोलापुरात कायदा नसता तरी हे जमलं नसतंच. आमच्याकडं एप्रिलमध्ये फ्रिजमधलं पाणी कोमट लागतं. दहा अंश म्हणे!

थंडगार तळघर

बरोबर. इथं जानेवारीत गॅरेजमध्ये आपोआप दहा अंश असतात, वीज लागत नाही. उलट मोड आणायला इथं ऊब नाही, बॉयलरशेजारच्या कपाटात कसंबसं जमतं. तुमच्या गच्चीवर जे काम आठवड्यात होतं, त्याला इथं कपडे वाळवायच्या खोलीत कसरत करावी लागते. म्हणून माल्ट तिकडं आणि बिअर इकडं ही वाटणी मला चोख वाटते. फक्त विमानात सामान भरण्याआधी धान्य आणण्याचे ब्रिटिश नियम मेव्हण्यांनी वाचून घ्यावेत. नाहीच जमलं तर इथल्या भारतीय दुकानात पांढरी ज्वारी मिळते. शंभर दाण्यांची परीक्षा करून घ्यायची.

आफ्रिकेबद्दल: नायजेरियानं १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावं लागलं. युगांडात २००२ पासून ‘ईगल लागर’ ज्वारीचीच निघते. म्हणजे ज्वारीची लागर ही हौशी लोकांची खुळचट कल्पना नाही, फक्त ते लोक भरपूर तयार एन्झाइम वापरतात. पारंपरिक आफ्रिकन बिअर वेगळी, ती आंबट आणि गढूळ असते.

कडक भाकरी

मोहोळच्या केंद्रात मालदांडीतून एम ३५-१ हे वाण निवडणाऱ्यांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. त्यांनी धान्य आणि कडबा दोन्हीचा विचार केला होता, बाटलीचा नाही.

इथल्या इथं चाखायला काही नाही का? सगळंच लीड्सला?

मोड आलेली मटकी

आहे की. तळघरदादांनी सांगितलेला रस आयोडीनच्या परीक्षेपर्यंत तसाच करा, गाळा, उघड्या पातेल्यात चांगला उकळा. त्यात आलं, चिमूटभर मीठ, लिंबू. फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी प्यायचा. ज्वारीतूनच गोडवा येतो, साखर लागत नाही. ठेवून देऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबायला लागतो आणि मग वकीलसाहेब येतात.

वकिली चष्मा

मी ताज्या रसाला येईन.

माळरान

मंडळी, उगवणीची परीक्षा केली. यंदाच्या ज्वारीचे चौऱ्याण्णव दाणे उगवले, कोपऱ्यातल्या जुन्या पोत्यातले निम्मेही नाहीत. तर यंदाचीच घेतोय. मेव्हण्यांना धागा पाठवला, त्यांनी नवी बादली आणि कोरडं यीस्ट मागवलंसुद्धा. आता शेवटचं: पाखडून निघालेली मुळं-कोंब आणि रस गाळल्यावरचा चोथा, याचं काय करायचं? आमच्याकडं दोन म्हशी आहेत.

मोड आलेली मटकी

दोन्ही वेगळं ठेवा. मुळं-कोंब म्हशीपुढं अजिबात टाकू नका, उकिरड्यात खड्डा करून पुरा. चोथा उकळलेला असतो, तो त्याच दिवशी, ओला असतानाच थोडा थोडा आंबोणात घाला. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर आंबतो.

थंडगार तळघर

लीड्सला म्हैस नाही, तिथं चोथा ओव्हनमध्ये वाळवून दळायचा. आमच्याकडं त्याचं थालीपीठ होतं, एक भाग चोथा आणि तीन भाग ज्वारीचं पीठ. फक्त हॉप्स घालण्याआधीचा चोथा घ्या, नंतरचा कडू लागतो.